आत्यांचा शॉर्टवेव्ह

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना पडद्यावर येणारा तो लांबलचक करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, त्यावर विचार करून, मगच 'मान्य' म्हणणारी एकच व्यक्ती पृथ्वीवर आहे, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये एकट्या राहतात. आयुष्यभर पेशंटना भूल देऊन रिटायर झाल्या, पण सवयी ऑपरेशन थिएटरमधल्याच राहिल्या. मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं तरी वेळ वहीत लिहितात. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला फुगे फुगवायला बसल्या, तर आधी प्रत्येक फुगा पाण्यात बुडवून गळती तपासली. केक कापून झाला तेव्हा चार फुगे पास झाले होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, मी शॉर्टवेव्ह रिसीव्हर घेतलाय. काडेपेटीएवढा आहे, कंप्युटरला लावायचा. सॉफ्टवेअर तेवढं सेटअप करून दे. दहा मिनिटांचं काम आहे असं लिहिलंय."

मी म्हटलं, "आत्या, जगभरचे रेडिओ हल्ली फोनवर ऐकता येतात."

"फोनवर मी मागते तेच मिळतं. मला न मागितलेलं काहीतरी ऐकायचंय."

मी गाडी काढली.

घरात शिरलो तर आत बाहेरच्याइतकीच थंडी. विजेच्या उपकरणांमुळे रेडिओत खरखर येते असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून फ्रिज, दिवे आणि हीटिंगसुद्धा बंद. स्वतः कोट आणि लोकरीची कानटोपी घालून लॅपटॉपसमोर बसलेल्या. "जॅकेट काढू नकोस," एवढंच स्वागत झालं.

कंप्युटरने त्या काडेपेटीला टीव्हीचं यंत्र समजून भलताच ड्रायव्हर लावला होता. तो बदलायचा म्हटल्यावर आत्यांनी कारण विचारलं, ते लिहून घेतलं, मग जुन्या ड्रायव्हरचं नाव, व्हर्जन आणि काढल्याची वेळ. बोटं गारठली म्हणून एकदा मी न विचारता 'नेक्स्ट' दाबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काय दाबलंस?"

"नेक्स्ट."

"त्याच्या वर काय लिहिलं होतं?"

मला सांगता येईना.

"लिहिलं नाही ते झालं नाही. सगळं काढ, पहिल्यापासून करू."

आणि खरोखर सगळं काढून आम्ही पुन्हा करारापासून सुरुवात केली. याही वेळी त्यांनी तो वाचला.

अडीच तासांनी पडदा जिवंत झाला. निळ्या पट्टीवर पिवळ्या रेघा सरकू लागल्या. एकेक रेघ म्हणजे एकेक स्टेशन. आवाज मात्र नाही. मी केबल काढल्या, घातल्या, आवाज पूर्ण वर नेला, खाली आणला. आत्या शेजारी गप्प बसल्या होत्या. एक प्रश्न नाही की नोंद नाही. मी दुसऱ्या रेघेवर जाऊ लागलो, तर म्हणाल्या, "तिथेच राहू दे जरा."

माझा तोल सुटत चालला होता. "आत्या, आवाजच येत नाहीये, तर राहून काय करू?"

"येतोय की," त्या म्हणाल्या. "अर्धा तास झाला. मला वाटलं, तुलाही येतोय."

मी सेटिंग उघडलं. लॅपटॉप सगळा आवाज ब्लूटूथवरून दुसऱ्याच यंत्राकडे पाठवत होता. त्याचं नाव वाचून मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी कानटोपी थोडी वर केली. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं होती, व्हिडिओ कॉलसाठी लॅपटॉपला जोडलेली.

"सप्टेंबरमध्ये घेतली," त्या म्हणाल्या. "थिएटरमध्ये पाठमोरी उभी असले, तरी पेशंटच्या मॉनिटरचा सूर जरा खाली गेला की मला कळायचं. आता दारावरची बेल कळत नाही. तुझ्या बायकोला सांगू नकोस. रोज फोन करून ओरडून बोलेल."

मी आवाज स्पीकरवर घेतला. खरखरीतून एका बाईचा पुसट आवाज आला. आत्यांनी मान पुढे केली. मग आणखी पुढे. मी सेटिंग होतं तसं करून टाकलं. खोली पुन्हा शांत झाली, आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"भाषा कळत नाही," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "पण सर्दी झालीय बिचारीला. थांबून थांबून बोलतेय."

मला निघायचं होतं. पण मी जॅकेटची चेन वर ओढली आणि बराच वेळ ती रेघ बघत बसलो.