घोडी देऊन आणलेलं पिस्तूल

आमच्या घरी एक तमंचा होता. गावच्याच लोहारानं बनवलेला, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. नळीत तोंडाकडून दारू आणि छर्रे भरायचे, गजानं ठासायचे, मागं टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. तीनदा ओढला तर एकदा उडायचा. पावसाळ्यात तेवढाही नाही.

हे कापडाचा व्यापार करायचे. हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही आणि आता लिहितानाही घेणार नाही. घोडीवर गठ्ठे लादायचे आणि कडगंचीपासून पार हुलसूरपर्यंतचे बाजार करायचे. वाटेत चोरांचं भय म्हणून तमंचा कमरेला. दोनदा वाटमारे आडवे आले आणि दोन्ही वेळा तो नुसता बघून बाजूला झाले. "वाजतो का न्हाई, ते त्यांना कुटं ठावं हाय?" असं हे हसून सांगायचे. एरवी तो दसऱ्याला पुजायचा आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

आमचं गाव आळंदच्या पश्चिमेला. तिथून अक्कलकोटची हद्द बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. माझं माहेर त्या हद्दीपलीकडचं. इंग्रज गेल्यावर पलीकडं हिंदुस्थान झाला आणि आम्ही निजामाच्याच मुलखात राहिलो. त्या सालानंतर गणवेश घातलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. कुठं कोठार लुटलं, कुठं माणसं मारली, कुठं पोरी नेल्या, असं रोज ऐकायला यायचं. बाजार मोडले. घोडी दावणीला उभी राहून राहून सुस्तावली.

वैशाखात एक दिवस पलीकडच्या गावातल्या चार बायका आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबल्या. गाव जळालं म्हणून निघालेल्या. त्यांतली एक माझ्याच वयाची होती. तिच्या अंगावर लुगडं नव्हतं, कुणा पुरुषाचं धोतर गुंडाळलेलं होतं. मी तिला काही विचारलं नाही. तिनंही मान वर केली नाही. पाणी पिऊन त्या हद्दीकडं चालू लागल्या. तेव्हापासून माझी झोप गेली.

त्याच आठवड्यात यांनी तमंचा बाहेर काढला, विहिरीकडं नेला आणि चाप ओढला. उडाला नाही. दारू बदलून पुन्हा ओढला. नाहीच. तिसऱ्या वेळी नुसता फुस्स आवाज आला आणि यांच्या हातावर काजळी उडाली. घरी येऊन हात धुताना म्हणाले, "ह्यानं कुत्रं बी मरनार न्हाई."

माझा भाऊ अधूनमधून येऊन जायचा. त्यानं सांगितलं, पलीकडं एक माणूस हत्यारं देतो. सहा बारांचं विलायती पिस्तूल आहे. जुना तमंचा त्याला द्यायचा, वर घोडी द्यायची.

"तमंचा घेऊन त्यो काय करनार?" मी विचारलं.

"आनखी कुना गरिबाला दील," भाऊ म्हणाला. "ज्याच्याकडं तेवडंबी न्हाई त्याला."

मग आमच्या घरात दोन-तीन महिने तेवढाच विषय. सकाळी भाकरी खाताना हे म्हणायचे घेऊ, दुपारी म्हणायचे नको. घोडी गेली तर दिवस पालटल्यावर धंदा कशावर करायचा? आणि नाही घेतलं तर दिवस पालटेपर्यंत आपण राहणार का? झडती झाली आणि विलायती पिस्तूल सापडलं तर घरदार जाळतील. तमंचा सापडला तर हसून सोडतील, कदाचित दोन तडाखे देतील. सगळं बोलून व्हायचं आणि ठरायचं काहीच नाही.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. त्या एकट्या पहिल्यापासून नको म्हणत होत्या. एक दिवस शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "हे फुटकं हाय म्हनून तुला पळायची बुद्धी व्हईल. चांगलं आनलास की हितंच बसशील."

"पळून कुटं जायचं, अव्वा?" हे म्हणाले.

"हिच्या माहेरी. समदं गाव जायलाय. आपन कामून बसायचं?"

हे उठून घोडीला वैरण घालायला गेले. घर सोडलं की दुसऱ्या दिवशी चौकटीसुद्धा काढून नेतील, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. सुटलेल्या घरांचं तसंच झालेलं आम्ही बघत होतो.

शेवटी यांनी मला विचारलं. मला, कारण आणायचं तर मलाच आणावं लागणार होतं. तरण्या पुरुषांना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर उभं करून कपडे उतरवायचे. बाईच्या अंगाला तिथं कोणी हात लावत नसे.

"तू काय म्हनतीस?"

मी म्हणाले, "घ्या."

ते सगळ्यांसाठी म्हटलं, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. खरं तर मी माझ्यासाठी म्हटलं. विहिरीवरची ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. सहा गोळ्या असल्या तर निदान एक माझ्यासाठी राहील, एवढाच माझा हिशेब होता, आणि तो मी यांना सांगितला नाही.

नागपंचमीला भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. तमंचा कडब्याखाली, घोडी गाडीमागं बांधलेली. नाक्यावर घोडी विकायला नेतोय असं सांगून भावानं जकात भरली. माहेरी पोचल्यावर आई माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आता जाऊ नगंस. त्यांना बी बोलावून घे." भावानंही तेच म्हटलं. मागची खोली रिकामी होती. मी निरोप धाडला असता तर हे अव्वांना घेऊन आले असते की नाही, देव जाणे. मी निरोप धाडला नाही. एवढी जोखीम घेऊन पिस्तूल घ्यायला आले होते, ते घेऊन परत जायचं, याच्यापुढं माझी अक्कल चालली नाही. आठ दिवसांनी पिस्तूल हाती आलं. काळं, जड, लहानसं. मला वाटलं होतं मोठं असेल.

परतताना ते माझ्या पोटावर चिंध्यांत गुंडाळून बांधलं. आईनंच बांधलं. वर लुगडं नेसवलं आणि सातवा महिना लागलाय असं सांगायचं ठरलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. आई गाठ मारत होती आणि रडत होती. नाक्यावर या खेपेला दुसराच, म्हातारा शिपाई होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, सावलीत बसायला सांगितलं आणि स्वतःच्या सुरईतलं पाणी दिलं. "बेटी, गाडी धीरे चलाने को बोलो," म्हणाला. मी मान हलवली. त्या पोटावर हात ठेवून मी गावापर्यंत आले.

तोवर निम्मं गाव रिकामं झालं होतं. राहिलेले लोक यांच्याकडं येऊन विचारू लागले, "तुमी हाव न्हवं?" हे म्हणायचे, "हाव की." चालण्यातसुद्धा फरक पडला होता. मला ते बघून बरं वाटायचं, हेही लिहून ठेवते.

आमच्या परसामागं ज्वारीचं रान आणि त्याच्या पलीकडं पिंजाऱ्याचं घर. दरवर्षी दिवाळीआधी आमच्या गाद्या तोच पिंजून द्यायचा. आम्ही त्याला भाई म्हणायचो, तो मला अक्का. टोळीवाल्यांनी त्याला दोनदा बोलावलं होतं. पाय दुखतो म्हणून तो गेला नव्हता. कुठं काय चाललंय ते त्याच्या कानावर यायचं आणि तो येऊन यांना सांगायचा. पण दिवसाउजेडी आमच्या दारात दिसणं त्याला धोक्याचं झालं होतं.

गणपती होऊन गेले होते. दुपारची वेळ. मी परसात चुलवणावर पाणी तापवत होते, हे खाटेवर बसले होते. ज्वारी पुरुषापेक्षा उंच वाढलेली. वारा नव्हता आणि ताटं हलू लागली. कोणीतरी वाकून आमच्याकडं यायला लागलं होतं.

हे उशाचं पिस्तूल घेऊन उठले. "कोन हाय?"

उत्तर नाही.

"कोन हाय? बोल, न्हाईतर उडवतो."

ताटं हलतच राहिली. जन्मभर पिंजणाच्या तातीचा आवाज कानाशी घेऊन भाईचे कान अर्धे गेले होते. आम्ही सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचो. त्या घटकेला ते मला आठवलं नाही. मी यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मारा."

पिस्तूल पहिल्याच चापाला उडालं.

ताटं मोडून आम्ही आत गेलो तर भाई उताणा पडलेला. गोळी गळ्याखाली लागली होती. तो यांच्याकडं बघत होता. तोंड हलत होतं, पण शब्द नव्हता. मी पदर दाबून धरला. हे त्याच्या कानाशी वाकून मोठमोठ्यानं विचारत होते, "काय सांगायला आलतास? भाई, काय सांगायला आलतास?" ते विचारत असतानाच तो गेला.

यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या घरी नेलं. मी आणि अव्वा मागून गेलो. दारात त्याची बायको आली. हे काही बोलायच्या आत अव्वा म्हणाल्या, "टोळीवाल्यांनी गोळी घातली गं. रानात पडला व्हता."

हे तिथंच उभे होते. मीही होते. आम्ही दोघांनी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले. पिंजारीण भिंतीला टेकून बसलेली. माझा हात धरून म्हणाली, "अक्का, तुम्हारे घर कोच कुछ बोलने जा रा था."

"क्या बोलने?"

"मेरे को नै बताया." मग यांच्याबद्दल म्हणाली, "भाईजान ने उठा के घर तक लाया. दूसरा कौन लाता?"

मी भाकरी ठेवली आणि घरी आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सोलापूरकडून लष्कर आलं आणि निजामाचं राज्य संपलं. मग दुसरंच सुरू झालं. आतापर्यंत जे भीत होते ते भिववू लागले. पिंजारीण एका पहाटे घर उघडं टाकून निघून गेली. कोण म्हणालं बिदरला, कोण म्हणालं गुलबर्ग्याला. आमच्या घरावर टोळी कधी आलीच नाही. ते पिस्तूल एकदाच उडालं.

हत्यारं जमा करायचा हुकूम आला तेव्हा हे आळंदला गेले. पिस्तूल दिलं आणि तिथल्या नव्या अंमलदाराला म्हणाले, "ह्यानं मी एक मानूस मारलाय. माजा दोस्त व्हता." अंमलदारानं कोण, कुठला, ते विचारलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "घरी जा. ह्या दिवसांतलं कुणी लिहून घेईना." हे संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिले. मग शिपायानं उठवलं.

बाजार पुन्हा भरू लागले, पण यांनी कापड हातात घेतलं नाही. दोनदा गुलबर्ग्याला गेले, पिंजारणीला शोधायला. पहिल्या खेपेला पत्ताच लागला नाही. दुसऱ्या खेपेला पिंजाऱ्यांची एक गल्ली सापडली. तिथं त्यांनी विचारलं, आळंदकडची, त्या साली नवरा गेलेली बाई इथं राहते का? एका म्हाताऱ्यानं विचारलं, "उस साल की कौनसी? यहाँ आठ हैं." आणि यांच्या कपाळावरच्या विभूतीकडं बघून तो आत गेला. बाकीच्यांनीही दारं लावून घेतली. हे चालत स्टेशनावर आले.

घरी आल्यावर एवढं सांगून ते जेवायला बसले. अर्ध्या भाकरीवरून उठले. मला त्यांना सांगायचं होतं, "मारा" मी म्हटलं होतं, तुम्ही एकटे नव्हता. ताट उचलताना ओठांवर आलं होतं. ते हात धुऊन भिंतीकडं तोंड करून पडले. पुढं अकरा वर्षं जगले, आणि त्या अकरा वर्षांत मी ते सांगितलं नाही.