नीस गावचं कडवं

शहापुरात भरमूआण्णांचं घर कुणाला विचारावं लागत नाही. गल्लीत ज्या दारासमोर लाल वाकळ वाळत घातलेली असेल, ते त्यांचं. वाकळ इतकी जुनी आहे की तिचा लाल आता विटेच्या रंगावर आलाय. तरी त्यांच्या कारभारीण मालुआक्का ती वरचेवर धुतात आणि मुद्दाम रस्त्याच्या अंगाला टाकतात. लग्न होऊन निपाणीहून मी या गल्लीत नवीन आले होते तेव्हा एकदा म्हटलं, "आक्का, मागच्या परड्यात ऊन चांगलं असतं की."

"परड्यात कोण बघणार गं?" आक्का म्हणाल्या. "ज्येंनी बघायची त्येंच्या डोळ्यांत खुपाय पायजे ती."

कुणाच्या डोळ्यांत, ते मला पुढं हळूहळू कळलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता आक्का सांगायच्या, मागावर बसलेले आण्णा मधेच एखादा शब्द दुरुस्त करायचे. पण गाणं म्हणा म्हटलं की धोट्याचा खटखटाट वाढायचा. एके काळी या माणसाचा आवाज चार गल्ल्यांपलीकडं ऐकू जायचा म्हणे.

गोष्ट एकोणीसशे नऊच्या गणपतीतली. तेव्हा बेळगाव इंग्रजांचं होतं आणि लगतचं शहापूर सांगली संस्थानचं. मधे नाका, नाक्यावर आडवा वासा. वाश्याच्या अलीकडं एक राजा, पलीकडं दुसरा. मला त्याचं नवल नव्हतं, निपाणीतून कागलला निघालं तरी वाटेत राज्य बदलतंच. बेळगावातल्या एका तरुण वकिलांनी त्या वर्षी मेळा काढायचं ठरवलं आणि विषय घेतला इटलीचा. इथल्या राजवटीवर बोलायची सोय नव्हती. पण इटलीचे तुकडे, तिच्या डोक्यावर बसलेला परका बादशहा आणि लाल सदरे घालून निघालेले गॅरिबाल्डीचे हजार वीर, यावर कोण काय बोलणार? ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं. गॅरिबाल्डी कोण होणार, यावर चर्चाच झाली नाही. भरमूआण्णा पंचविशीचे होते, उंच होते आणि तो आवाज होता.

सदऱ्यांचं कापड आण्णांनी विणलं, रंगवले ते मालुआक्कांनी. तेव्हा पक्का लाल रंग जर्मनीहून डब्यांतून यायचा. आक्का अजून म्हणतात, "रंग जर्मनीचा, गाणं इटलीचं आन् मार आमच्या शापूरचा!"

तालमीला वकील सगळा इतिहास रंगवून सांगत. लढाया कशा झाल्या, तह कसे झाले, काव्हूर नावाचा मंत्री किती धोरणी होता. एक दिवस ओघात त्यांनी सांगितलं, की फ्रान्सची फौज मदतीला घेण्याच्या बदल्यात त्या मंत्र्यानं नीस हे गाव फ्रान्सला देऊन टाकलं. आणि नीस म्हणजे गॅरिबाल्डीचं जन्मगाव.

आण्णा टाळ खाली ठेवून म्हणाले, "त्येचंच गाव? त्येला न इचारता?"

"राजकारणात विचारत बसत नाहीत, भरमू. तो रागावला, पण पुढं लढलाच ना?"

"मग ह्येचं एक कडवं घाला की, वकीलसायेब. लोकास्नी कळू दे."

"अरे, मेळ्यात शौर्य दाखवायचं असतं. व्यवहार कशाला दाखवायचा?"

ते कडवं राहिलं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बेळगावच्या चौकात तोबा गर्दी. ताशा वाजला आणि लाल सदऱ्यांची रांग पावलं टाकत आत आली. टाळ्या पडायच्या तर लोकांनी हुर्यो केली! कॅम्पातल्या गोऱ्या पलटणीचे लाल डगले सगळ्यांनी पाहिलेले. लोकांना वाटलं, हे गोरे सोजीर आले. कुणी ओरडलं, "हाकला रं ह्येस्नी!" एकानं केळीची साल मारली, ती नेमकी वकिलांच्या पगडीवर बसली. वकील घामाघूम. पद पुढं जाईना.

तेव्हा आण्णा दोन पावलं पुढं आले, सदरा छातीशी धरला आणि ताल न सोडता स्वतःच्या मनानं गायले, "ह्यो लाल त्यो न्हवं गा, त्यो लाल कॅम्पात ऱ्हातोय!" आणि कॅम्पाकडं हात करून, "ह्यो लाल त्येला घालवाय आलाय!"

चौक नुसता उसळला. तीच ओळ लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. वकिलांनी तिथंच आण्णांना मिठी मारली. "मेळा वाचवलास रे, भरमू!" हे वाक्य आक्कांनी आपल्या कानांनी ऐकलंय. त्या गर्दीत पुढं उभ्या होत्या, पाच महिन्यांच्या गरोदर.

ओळ पोलिसांनीही ऐकली होती. दुसऱ्या दिवशी आण्णांच्या नावानं वॉरंट निघालं आणि मेळ्यावर बंदी आली. पण आण्णा राहायला शहापुरात. बेळगावच्या शिपायाला नाक्याचा वासा ओलांडून त्यांना धरता येईना. कागद वर जायला हवे, तिकडून इकडच्या दरबारी यायला हवे, आणि इकडच्या फौजदारांना काही घाई नव्हती. ते आण्णांना एवढंच म्हणाले, "वाश्यापलीकडं पाय टाकू नको, भरमू. हिकडं हाईस तवर माजा हाईस."

वासा आण्णांना राखत होता, तसा अडवतही होता. सूत आणायला बेळगावात जाणं बंद. आक्कांचं माहेर काकती, तेही इंग्रजी मुलुखात. बाळंतपणाला त्या काकतीला गेल्या आणि तिथं मुलगी झाली. चालत गेलं तर सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेला पोचेल एवढंच अंतर, पण बापाला लेकीचं तोंड बघता येईना. बारशाला आण्णांनी विणलेलं पाळण्याचं कापड दुसऱ्याच्या हाती गेलं. लेक नाजूक निघाली म्हणून आक्कांनाही माहेरीच राहावं लागलं.

बघता बघता पुढचा गणपती जवळ आला आणि वकील एक दिवस भरदुपारी आण्णांच्या घरी आले. सोबत मेळ्याचे दोन पंच. काही लपवाछपवी नाही, ओट्यावर बसून सगळ्या गल्लीदेखत बोलणं झालं.

"कलेक्टरसाहेबाशी बोललोय मी," वकील म्हणाले. "मेळ्याला परवानगी मिळतेय. त्याचं म्हणणं एकच. पद चोख होतं, ती ओळ ज्यानं घातली त्यानं समोर यावं. समज देऊन सोडतील."

"ओळ मीच घातली की. पर मेळा वाचवलास म्हणालतासा न्हवं?"

"तेव्हाचं वेगळं. एका माणसासाठी मेळा बंद ठेवायचा का, तूच सांग. आणि मग तुला काकतीला जायलाही मोकळीक. लेकीला बघायचं नाही का तुला?"

या शेवटच्या वाक्याचा मला फार राग येतो. बाकी एक वेळ राजकारण म्हणून सोडून देईन. पण बापाला लेकीची ओढ असते हे ठाऊक असलेल्या शहाण्या माणसानं त्या ओढीचाच दोर करून त्याला वाश्यापलीकडं खेचलं.

आण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, लेकीसाठी वाळे बरोबर घेतले आणि वकिलांच्या मागोमाग नाका ओलांडला. पलीकडं शिपाई उभे होते. समज वगैरे कुणी दिली नाही. दीड वर्षाची सजा झाली. वकील कोर्टात होते. त्यांनी एवढंच सांगितलं, की ती ओळ आपल्या लेखणीतली नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मेळा झाला. लाल रंग साहेबाला नको होता म्हणून पंचांनी सदरे गाठोड्यात बांधून मालुआक्कांकडे पाठवले, काळे करून द्या म्हणून. सजेचं कळताच आक्का तान्ह्या लेकीला घेऊन परत आल्या होत्या. गाठोडं आणणाऱ्याला त्या म्हणाल्या, "काळं करायचं तर तोंड घिऊन या म्हणावं, सदरं कशाला?" आणि ते सगळे सदरे उसवून, जोडून त्यांनी वाकळ शिवली. आण्णा तुरुंगातून हिवताप घेऊन आले तेव्हा त्यांच्या अंगावर तीच घातली. लेक तोवर चालायला लागली होती. दारात आलेल्या बापाला बघून आईच्या मागं लपली आणि म्हणाली, "आई, कोन आलंय?"

आण्णा त्यानंतर गायले नाहीत.

मी कोल्हापूरला कॉलेजात हाच इतिहास शिकले. जर्मनी तीन लढायांनी जोडला, इटली लढाया आणि तहांनी. पुस्तकात नकाशे होते, आधी रंगीबेरंगी आणि शेवटी एकरंगी. नीस देण्याला आमचे प्रोफेसर 'राष्ट्रासाठी केलेला त्याग' म्हणायचे. त्याग? आपलं स्वतःचं सोडणं म्हणजे त्याग. दुसऱ्याचं गाव उचलून तिसऱ्याला देण्याला आमच्या स्वयंपाकघरात वेगळं नाव आहे. आणि देणाऱ्याचा पुतळा चौकात उभा राहतो! एकी नको असं मी कुठं म्हणते? पण ती करताना कुणाला पुढं ढकललं, त्याचं नाव घ्यायला एवढी जीभ का जड व्हावी?

यंदाचा ऑगस्ट आला. स्वातंत्र्याच्या दिवशी बेळगावातून मोठी मिरवणूक नाक्यापर्यंत यायची होती. सांगली संस्थानही आता हिंदुस्थानात सामील झालंय. नाका लवकरच निघेल म्हणतात, अजून तरी आहे. वकिलांचा मुलगा, तोही वकीलच, आठवडाभर आधी आण्णांकडे आला. मीही तिथंच होते.

"काका, आमच्या वडलांची इच्छा आहे, तुम्ही तसाच लाल सदरा घालून मिरवणुकीत गाडीवर उभं राहावं. ती कॅम्पाची ओळ म्हणावी. आता कोण अडवतंय?"

आण्णांनी माग थांबवला. "म्हणतो. पर एक कडवं जास्तीचं म्हणणार, नीस गावचं. तुमच्या वडलास्नी ठावं हाय."

मुलगा जाऊन विचारून आला. "वडील म्हणतात, आजच्या शुभ दिवशी ते नको."

"मग मीबी नको," आण्णा म्हणाले आणि धोटा पुन्हा चालू झाला.

आक्का मात्र गप्प बसल्या नाहीत. "गाडीवर न्हाय तर न्हाय. वासा तर आपलाच हाय न्हवं? तितनंच म्हणा."

पंधरा तारखेला मिरवणूक नाक्याशी आली. पुढं बँड, मागं फुलांनी सजवलेल्या गाडीत सत्तरीचे वकील, गळ्यात हार. वाश्याच्या अलीकडं आम्ही गल्लीतल्या बायका. आणि आमच्या पुढं आण्णा, त्या उकाड्यात खांद्यावर लाल वाकळ घेऊन. त्यांनी गळा साफ केला. अडतीस वर्षं बंद असलेला आवाज आधी नुसता खरखरला. बँडवाल्यानं ढोल जोरात केला. आक्का वाश्याखालून वाकून पलीकडं गेल्या आणि ढोलाची काठी धरली. "वाजीव की! हात ऱ्हातोय का बघ!" ढोल थांबला. आण्णा गायले,

"देश जोडला, शाबास तुमची, नौबत वाजू द्या,
माजं गाव कुणाला दिलंसा, येवडं सांगून जा!"

दोनदा म्हणाले. आवाज फाटका होता, पण शब्द न् शब्द कळला. तरुण पोरं एकमेकांकडं बघू लागली, कोणतं गाव, कुणी दिलं? म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना कळलं होतं.

वकील मुलाचा हात धरून गाडीतून उतरले. वाश्यापाशी येऊन म्हणाले, "आवाज अजून आहे रे तुझ्यात, भरमू."

उत्तर आक्कांनी दिलं. "आवाजाचं कुणी इचारलंय, वकीलसायेब? गाण्यात जे इचारलंय ते सांगा."

वकिलांचे ओठ हलले. मी अगदी जवळ उभी होते. वाटलं, आता म्हणतील. 'चुकलो' एवढाच शब्द पुरला असता, मिरवणूक काही बुडाली नसती. पण त्यांनी गळ्यातला हार काढला आणि आण्णांच्या गळ्यात घालायला पुढं केला. हार देणं सोपं असतं.

आण्णा मागं सरकले. तो हार आक्कांनी घेतला, क्षणभर हातात तोलला आणि नाक्याच्या वाश्याला नीट गाठ मारून बांधला.

"ह्येचा मान हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "ह्यानं तरी आमास्नी कुणाला दिलं न्हवतं."

मग आण्णांच्या खांद्यावरची वाकळ काढून घेतली, घामानं भिजली होती. घरी येऊन झटकली आणि दारासमोर, रस्त्याच्या अंगाला टाकली.