रुश्दीच्या कबरीची दिशा

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९८५. सकाळपासून समुद्रावरून जोराचा वारा. बाल्कनीतली दोरी तुटली, उशांचे अभ्रे खाली गल्लीत पडले. दुपारी कॅनडाहून हाझिमचा फोन. आबीह जेवला नाही.

एवढं लिहून विदादने वही मिटली. संध्याकाळचं अजून लिहायचं होतं. नन्सच्या शाळेत लागलेली ही सवय तिने लग्नात मोडली नाही आणि वैधव्यातही मोडली नाही.

आबीह म्हणजे तिचा थोरला भाऊ फिक्री. नवरा गेल्यापासून ती बंदराच्या शहरातल्या मुहर्रम बे वस्तीत त्याच्या घरी राहत होती. फिक्रीला ऐकू कमी येई. त्यामुळे तिचा मुलगा हाझिम फोनवर जे सांगे ते तिला ओरडून पुन्हा सांगावं लागे. आजही तेच करावं लागलं.

"काय म्हणतोय हाझिम?"

"मशिदीतल्या सतरंज्या फिरवल्या म्हणतोय."

"का? झिजल्या?"

"दिशा चुकली होती म्हणे. नवी माणसं आलीत, त्यांनी परत मोजली. नमाजाची दिशा ईशान्येला निघाली."

फिक्री खदखदून हसला. "ईशान्येला! मक्का काय ध्रुवावर राहायला गेली? सांग त्याला, नकाशा सरळ धरा म्हणावं."

विदाद हसली नाही. हळूहळू त्याचंही हसू ओसरलं. त्याने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली, ती घरंगळून खाली पडली, तरी त्याने उचलली नाही.

फिक्रीचं सगळं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं होतं. बंदरातल्या एका कचेरीत तो खलाशांसाठी सागरी नकाशे काढी. चारशे वर्षांपूर्वी मर्केटर नावाच्या फ्लेमिश माणसाने जगाला ज्या चौकटीत बसवलं, तीच ही चौकट: पट्टी ठेवा, रेघ ओढा, होकायंत्राचा काटा तेवढ्यावर धरा आणि जहाज मुक्कामी लागतं. घरी मात्र तो हौसेने इतर तऱ्हेतऱ्हेची जगं काढी. बदामाच्या आकाराचं, अंड्यासारखं, सोललेल्या सालीसारखं फाटलेलं, अरबांच्या जुन्या पद्धतीने दक्षिण वर धरलेलं. याच शहरात बत्लीमूस या प्राचीन भूगोलपंडिताने गोल पृथ्वी कागदावर आणायच्या रीती मांडल्या, याचा त्याला असा अभिमान, जसा काही तो आजोबाच. "प्रत्येक नकाशा एक गोष्ट खरी सांगतो आणि दुसरी खोटी," तो म्हणे. "कुठली खोटी ते माहीत असलं की झालं."

विदादचा नवरा रुश्दी त्याची खूप चेष्टा करी. मुलाकडे कॅनडाला निघताना तो म्हणाला होता, "मेहुणे, तुमच्या नकाशात कॅनडा एवढा सुजलाय की मुलाचं घर शोधता शोधता मी म्हातारा होईन."

तिथल्या चार घरांनी मशीद बांधायला आणि कबरस्तानासाठी जागा घेतली, तेव्हा रुश्दीने छाती फुगवून सांगितलं, माझा मेहुणा नकाशेवाला आहे, दिशा त्यालाच विचारू. फोन आला. फिक्रीने भिंतीवरच्या सागरी नकाशावर पट्टी ठेवली आणि तिथल्या तिथे सांगितलं, पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. दुसरे सगळे नकाशे शेजारच्या खोलीत होते. पण हात जन्मभर ज्या नकाशावर पडला, त्याच्यावरच पडला.

त्या जमिनीत पहिली कबर रुश्दीची झाली. उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे. म्हणजे फिक्रीने सांगितलं तिकडे.

आता फिक्रीने कपाटावरून कागदी गोल काढला. विदादने शाळेत असताना संत्र्याच्या फोडींसारख्या पट्ट्या चिकटवून केलेला. एरवी तो त्याला तिचा लाडू म्हणून चिडवी. तिच्या विणकामाच्या टोपलीतला दोरा घेऊन त्याने एक टोक कॅनडावर दाबलं, दुसरं मक्केवर, आणि दोरा ताणला. दोरा वर सरकत सरकत ग्रीनलंडच्या बर्फावर जाऊन बसला.

"ईशान्य," तो म्हणाला.

"पण आबीह, तुझ्या रेघेनेही मक्का येतेच ना? जहाज जातं की."

"काटा तोच धरला तरी जहाज वाटेत वळत जातं गं. मेलेला माणूस कुठे वळतो?"

दुपार कलतानाच्या असरच्या नमाजानंतर तिने खालच्या मजल्यावरचे धर्मोपदेशक शेख अब्दुल मुईन यांना वर बोलावलं. त्यांनी चहा घेतला, गोल बोटाने फिरवून पाहिला आणि समजुतीने म्हणाले, "नियत साफ होती ना? मग नमाज कबूल. कबर उकरायची नाही. अल्लाहला दिशा कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"शेखसाहेब, नियत माझी होती. कबर त्याची आहे."

"फिक्री, हट्टीपणा पुरे."

"मी सोडतो हट्ट. तुम्ही त्याला कूस बदलायला सांगा."

शेख उठले. दारात विदादला म्हणाले, "खाऊ घाला त्यांना काहीतरी."

ते गेल्यावर फिक्रीने कोरा कागद घेतला. कबरस्तान मधोमध धरून त्याच्याभोवती गोल जग काढू लागला. अशा नकाशात मधल्या जागेपासूनची प्रत्येक दिशा खरी असते. विदाद शेजारी खुर्ची ओढून बसली. थांब म्हणावंसं वाटलं तिला, पण तिलाही बघायचं होतं. किनारे कच्चेच उमटले. आफ्रिका ताणून वाकडी झाली. मग त्याने मध्यावर पट्टी ठेवली आणि फोनवर सांगितलेल्या दिशेने रेघ ओढली. रेघ अमेरिकेच्या काठावरून समुद्रात उतरली आणि खाली खाली जात राहिली. आफ्रिका बाजूलाच राहिली. कुठलीच जमीन लागली नाही.

"पाण्याकडे बघतोय," फिक्री म्हणाला. "मी त्याला नुसत्या पाण्याकडे तोंड करून झोपवलंय."

विदादने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि परत मांडीवर घेतला. तुझी चूक नाही, हे वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं. ते खरं नव्हतं, आणि तिला खोटं बोलता येईना. रुश्दी कुशीवर झोपला की श्वास जड घ्यायचा, ते तिला आठवलं. खिडकीबाहेर वारा तसाच होता.

"हा फाडू?" त्याने विचारलं.

"फाडून तो वळणार आहे का?"

त्याने कागद फाडला नाही. गुंडाळलाही नाही. तसाच टेबलावर ठेवून तो आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

विदादने वही उघडली आणि दुपारच्या ओळींखाली लिहिलं: मोलोखियाची पालेभाजी तशीच राहिली, झाकून ठेवली. बाल्कनीला नवी दोरी आणायची.