फिल्टर, रेडिओ आणि भिका अण्णांचा हात

असले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. टेस्टरबरोबर खिशात राहून जातात, आणि चार वायरमन चहाला बसले की एकेक बाहेर निघतो. माझ्याकडचे सगळे सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमधले, नव्वदच्या दशकातले. लोक ऐकून हसतात. मला मात्र अजून नीट हसता येत नाही.

तेव्हा ड्राइव्ह नवीन आले होते. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारी पेटी. आम्ही खानदेशातले वायरमन, आम्हाला स्टार्टर आणि फ्यूज माहीत. पेटी बसवली, मोटर झकास फिरली, शेठ खूश!

*

दुसऱ्याच दिवशी गेटवरचा वॉचमन कवडूभाऊ तणतणत आला. वऱ्हाडातला माणूस, रेडिओवाचून त्याला घास उतरत नसे.

"तुमची मोटर सुरू झाली अन् माह्या बातम्या गेल्या! नुसती खरखर!"

आम्ही हसण्यावारी नेलं. पण आठवड्याभरात खरखर थांबली की कवडूभाऊ गेटवर बसूनच सांगायला लागला, "दोन नंबर मशीन बंद पडली, जाऊन पाहा!" आणि जाऊन बघावं तर खरंच बंद!

*

खरखर रेडिओपुरतीच असती तर काय हवं होतं! दोन नंबरवर भिका अण्णा होते, अमळनेरकडचे, वीस वर्षं रंगाच्या कामात. त्यांच्या मशीनवरचं तापमानाचं मीटर उड्या मारू लागलं. पाणी सत्तरला असताना ते नव्वद दाखवायचं, वाफ आपोआप बंद व्हायची आणि कापड फिकं निघायचं.

डाइंग मास्टर सुरती. सगळ्यांदेखत विचारायचे, "अण्णा, ऊंघी गयेलो के?" झोपला होतास का! पाळीवर कधी डोळा न लागलेल्या माणसाला!

अण्णा हाताची मागची बाजू पाइपापासून बोटभर लांब धरायचे आणि मला म्हणायचे, "मीटर खोटं बोली ऱ्हायनं भाऊ. मना हात नही." मना म्हणजे माझा.

पण आकडा दिसत असताना हाताचं कोण ऐकतो?

*

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. ड्राइव्ह सगळे बंद, मीटर तेवढं चालू. नारळ फुटला आणि आकडा एकदम स्थिर! मास्टरांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह सुरू झाले, आकडा परत नाचायला लागला.

मास्टर म्हणाले, "नारियेळ नानुं पड्युं!" आणि खरंच मोठा नारळ मागवला.

*

शेवटी ड्राइव्हच्या कंपनीचा इंजिनिअर आला. म्हणाला, ड्राइव्ह तारांमध्ये विजेचा कचरा सोडतो, तोच रेडिओत आणि मीटरमध्ये शिरतो. कचरा अडवणारा फिल्टर देऊन गेला, पत्र्याची डबी. मास्टरांनी अण्णांना बजावलं, "आता फिल्टर आहे. आता लॉट फिका निघाला, तर चूक तुझी. गावचं तिकीट काढायचं."

फिल्टर बसवला सुपडू आप्पांनी. आप्पा आमचे उस्ताद, मला तारेला पहिला पिळा मारायला त्यांनीच शिकवला. त्यांचं पॅनल बघायला पार शहरातल्या कतारगामहून लोक यायचे. एक तार वाकडी नाही! जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या तारा एका जुडीत, वीतभर अंतरावर दोऱ्याची गाठ. लोंबणारी तार म्हणजे त्यांच्या लेखी अपमान.

पहिलाच लॉट फिका निघाला.

अण्णांनी जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि मशीनच्या हँडलवरून एकदा फडकं फिरवलं.

*

मी पळत गेटवर गेलो आणि कवडूभाऊचा रेडिओ मागून आणला. पॅनलपाशी धरला, खरखर. फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या तारेजवळ धरला, खरखर कमी. आप्पांच्या जुडीजवळ नेला, आणि रेडिओ किंचाळला!

ड्राइव्हकडची घाणेरडी तार आणि फिल्टरपलीकडची स्वच्छ तार आप्पांनी छातीशी छाती लावून बांधल्या होत्या. फिल्टरने अडवलेला कचरा जुडीतून पुन्हा पलीकडे जात होता. पण उस्तादाला सांगायचं कोणी? मी रेडिओ जुडीजवळच धरून ठेवला.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले, मग रेडिओकडे. मग ड्राइव्ह बंद करून कात्री काढली आणि आपल्या हातची एकेक गाठ कापली. स्वच्छ तारा एकीकडे, घाणेरड्या दुसरीकडे, वाकड्यातिकड्या, लोंबत्या. फिल्टरखालचा पॅनलचा रंग खरवडून डबी उघड्या पत्र्यावर घट्ट कसली, म्हणजे कचरा अर्थिंगला जाईल. "चालव," म्हणाले. डोळे पुसले नाहीत.

ड्राइव्ह सुरू झाला. रेडिओवर बातम्या, एकेक शब्द ऐकू येत होता!

मास्टरांनी अण्णांना मशीनवर बोलावलं. अण्णांनी पिशवी खाली ठेवली, हाताची मागची बाजू पाइपाजवळ धरली, डोळे मिटले. "पंच्याहत्तर."

मास्टरांनी मीटर वाचलं. पंच्याहत्तर. आकडा हलत नव्हता.

अण्णांनी डोळे उघडले, मीटरकडे बोट केलं आणि मास्टरांच्याच भाषेत हळूच म्हणाले, "हवे मीटरने पूछो, मास्टर. हुं ऊंघी गयेलो के?"