दुसरी आज्ञा

आमच्या मिशनच्या आवारात नाताळच्या दुसऱ्या दिवशी शास्त्राचे सवाल-जवाब होत. नुसती गंमत. जिंकणाऱ्यांना गुळाची ढेप मिळायची आणि ती शेवटी सगळेच मिळून खात. मेहकर-डोणगावकडचे आम्ही कॅथलिक आणि चिखलीकडून दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाड्यांतून, आलेले आमच्यातलेच पाहुणे, सगळे लिंबाखाली सतरंज्यांवर बसत आणि मध्ये खुर्चीवर फादर. बायांनी मात्र भाकरी थापायच्या आणि पडवीतून ऐकायचं. त्या साली नवे फादर आले, गोरे, तरणे, उत्साही. ते म्हणाले, यंदा बाया विरुद्ध पुरुष. बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या एका वाक्यानं आमचं घर गेलं.

बाबा मिशनचे मास्तर होते. मास्तर म्हणजे नुसता शाळामास्तर नव्हे. फादर गावोगाव फिरत असायचे, मागं प्रार्थना सांगायची, मयताला माती द्यायची, पोरांकडून आज्ञा पाठ करून घ्यायच्या, सगळं बाबाच करत. शाळेमागच्या दोन खोल्या मिशनच्या. मास्तरकी आहे तोवर छप्पर आहे, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.

आणि आमच्या घरात एक गोष्ट अशी होती की ती बाहेर पडली तर मास्तरकी गेलीच. माझी माय मोठ्या दुष्काळातली पोर. तिला लहानपणी पलीकडच्या मिशननं, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांनी, अनाथालयात वाढवलं होतं. तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला. बाबांना ती पसंत पडली तेव्हा कोणीतरी त्यांच्या मनात भरवलं, की तिकडची पोरगी म्हटल्यावर आपले फादर लग्न लावणार नाहीत. मग दोघांनी काय करावं? ती हिंदू घरची अनाथ पोर आहे असं सांगितलं. जुन्या फादरांनी विश्वास ठेवला आणि तिला पुन्हा बाप्तिस्मा दिला. आता बाप्तिस्मा माणसाला जन्मात एकदाच. जाणूनबुजून दुसऱ्यांदा घेणं म्हणजे देवाशीच लबाडी, आणि ती मास्तरनं करायची म्हणजे काय! खरं सांगितलं असतं तर कदाचित काही बिघडलंही नसतं. पण भिऊन केलेली कामं अशीच असतात.

त्या दिवशी सकाळी बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"तू आज बसू नको," ते मायला म्हणाले.

"काऊन? समद्या बाया बसून राह्यल्या."

"चिखलीचा मास्तर येऊन राह्यला. त्याची नजर चांगली नाही."

ते खरं होतं. चिखलीकडची छोटी शाळा सांभाळणारा हा मास्तर गोड बोलायचा. दिवाळीच्या सुमारास आला तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्यानं विचारलं होतं, "तुह्या मायचं माहेर कोणतं वो?" मी पळाले. आमची जागा मोठी, शाळा मोठी. ती त्याला हवी होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

"मी चूप बसतो कोपऱ्यात," माय म्हणाली. ती चूप बसली असती तर सूर्य पश्चिमेला उगवला असता. माझ्या मायला हरणं ठाऊक नव्हतं.

जेवणं उरकल्यावर खेळ सुरू झाला. फादर विचारत आणि ज्या बाजूला आधी येईल त्यांनी सांगायचं. पहिले दोन-तीन सवाल पुरुषांनी उचलले. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. मग फादरांनी विचारलं, "कावळ्यांनी भाकर आणून दिली, ती कोणाला?"

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. कोपऱ्यातून आवाज आला, "एलीयाले."

"शाब्बास! बोलली ती गाढवी कोणाची?"

"बलामाची!"

बायांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी मायला ढकलून पुढं बसवलं. आणि ती जी सुटली, माय माय! जुन्या करारातले राजे, त्यांच्या बायका, कोण आंधळा, कोण कोडी, सगळं तिच्या जिभेवर. मी तिच्या पाठीशी चिकटून बसले होते. सुरुवातीला माझी छाती अभिमानानं फुगली. मग समोर बाबांकडे लक्ष गेलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्यात त्या काळी बायबल घरी वाचायची रीतच नव्हती, ती पलीकडच्यांची. रविवारी फादर जेवढं सांगतील तेवढं ऐकायचं, आज्ञा आणि प्रार्थना पाठ करायच्या, झालं. मग एवढं या बाईला आलं कुठून? तिच्या प्रत्येक बरोबर उत्तराला हाच सवाल चिकटलेला होता. मी तिचा पदर ओढला. तिनं माझ्या हातावर चापट मारली.

चिखलीचा मास्तर आता उत्तरं द्यायचंच सोडून नुसता मायकडे बघत होता. मग तो हात जोडून उठला.

"फादर, एक सवाल मी विचारू काय? तोबियासंगं वाटेनं कोण चाललं होतं?"

हा सवाल म्हणजे पोरखेळ. देवदूत आणि कुत्रं सोबत घेऊन चाललेल्या तोबियाची तसबीर आमच्या शाळेच्या भिंतीवरच होती. पण तसबिरीतला मुलगा कोण हे मायनं कधी विचारलं नव्हतं, आणि त्याची गोष्ट पलीकडच्या लोकांच्या बायबलात नसतेच. शेवटी आमच्या बाजूच्या एका म्हातारीनं उत्तर दिलं. फादरांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. मी मनात मारियामातेचा धावा करत होते, की आता ढेप वाटा, खेळ संपवा, गाड्या जुंपा.

"अजून एकच," मास्तर हसत म्हणाला. "सोपा आहे. वैनीनंच सांगावं. दुसरी आज्ञा कोणती?"

तोबियाचा सवाल हुकला म्हणून माय चिडलेली होती. तिनं श्वासही घेतला नाही.

"कोरीव मूर्ती करायची नाही, तिच्या पाया पडायचं नाही!"

तिच्या मागं, पडवीत, नाताळची फुलं घातलेली मारियेची मूर्ती होती. एकही बाई हसली नाही. आमच्यात दुसरी आज्ञा म्हणजे देवाचं नाव उगाच घेऊ नको. मूर्तीचं आमच्यात पहिल्या आज्ञेतच येतं, वेगळं मोजत नाहीत. ती दुसरी म्हणून मोजतात ते पलीकडचे. आमच्यातलं चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही, आणि इथं खुद्द मास्तरची बायको चुकली होती.

फादर खुर्चीवरून उठले. मायजवळ येऊन थेट खाली मातीतच बसले. तो माणूस वाईट नव्हता, हे मी कबूल करते.

"बाई," ते हळू म्हणाले, "घाईत तोंडून गेलं ना? चुकलीस, इतकंच ना?"

दार उघडून दिलं होतं त्यांनी. फक्त हाव, म्हणजे हो, म्हणायचं होतं. बाबा सतरंजीवरून अर्धवट उठले होते, त्यांचे ओठ हलत होते. हाव म्हण. हाव म्हण. मीही मनातल्या मनात ओरडत होते, म्हण ना वो माय!

माय तोंड उघडणार, एवढ्यात चिखलीचा मास्तर कळवळल्यासारखं करून बोलला, "चुकीचं शिकवलं असंन कोणी लहानपणी. दुष्काळात पोटासाठी कुठं कुठं गेलेली लेकरं, त्यायले कोणी काय बी शिकवलं. तिचा काय दोष?"

मायची मान वर झाली. मला तिचा राग ठाऊक होता, पण तो राग नव्हता.

"फादर," ती म्हणाली, "माही माय रस्त्याच्या कडेले मरून पडली होती. मी तिच्या अंगावर होतो. एका बाईनं मले तिथून उचललं, आंग धुतलं, पेज पाजली. तिनंच मले हे शिकवलं. तिचा बाप्तिस्मा पह्यला, तुमचा दुसरा. ती चुकीची होती असं मी नाही म्हणत."

बाबा परत सतरंजीवर बसले.

ढेप कोणी फोडली नाही. चिखलीच्या दमण्या उजेड असतानाच निघून गेल्या. फादर त्या रात्री जेवले नाहीत असं ऐकलं. पण नियम तो नियम, आणि ईस्टरआधीचा उपासकाळ लागायच्या आत चिखलीचा मास्तर आमच्या खोल्यांत बिऱ्हाड घेऊन आला. बाबांना पुढं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे वाहायचं काम मिळालं. ज्या हातांनी खडू धरला त्या हातांनी. मला मायचा इतका राग आला होता की मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. ज्या बाईचं नावही हिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, तिच्यासाठी हिनं आम्हाला उघड्यावर आणलं! आजही अर्धं मन तसंच म्हणतं, मी खोटं कशाला बोलू.

आम्ही गाव सोडलं तेव्हा भांडीकुंडी एका गाडीत मावली. बाबा गाडीच्या एका बाजूनं चालत होते, माय दुसऱ्या बाजूनं, डोक्यावर गाठोडं घेऊन. गाव मागं पडलं. तेव्हा बाबांनी विचारलं, "तुले हाव म्हणता आलं नसतं काय?"

"आलं असतं," माय म्हणाली.

बाबांनी मान हलवली आणि गाडीमागून तिच्या बाजूला येत तिच्या डोक्यावरचं गाठोडं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.