फुकट केलं तर ड्यूटी

जळगावात कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा मला खोली मिळाली ती पोलीस लायनीला लागून. मधे एकच भिंत. भिंतीपलीकडे पोलीस बँडमधले एक हवालदार राहत. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, घरात अहिराणी बोलणारे. ते क्लॅरिनेट वाजवत. लायनीतले लोक त्या वाद्याला पिपाणी म्हणत आणि ते त्याचं वाईट वाटून घेत. सकाळी त्यांचं दार उघडं असलं की परेडच्या धून ऐकू येत, लावलेलं असलं की सिनेमातली गाणी. उघड्या दाराचे सूर सरकारचे आणि बंद दाराचे लग्नसराईचे, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

सुट्टी मिळाली की हवालदारभाऊ गावातल्या एका खासगी बँडमध्ये वाजवायला जात. घरात तीन मुली आणि ऐंशीच्या दशकातला पोलिसाचा पगार. कारण विचारायची गरज नव्हती. लायनीत ते एकटेही नव्हते. कुणी बायकोच्या नावावर एजन्सी घेऊन लोकांचे विमे उतरवत फिरे. एक जण ड्यूटी सुटली की भाड्याची रिक्षा चालवी, आणि चौकात स्वतःच्याच दोस्ताने शिट्टी मारली की मान खाली घालून पुढे जाई. हप्ते गोळा करणारेही होते, पण त्यांच्यावर दुसरा धंदा केल्याचा ठपका कधी आला नाही. ते काम मूळ नोकरीतच धरलं जात असावं.

त्याच काळात रेडिओवर रोज संध्याकाळी शेतकऱ्यांना जोडधंद्याचे धडे मिळत. कोंबड्या पाळा, गाई पाळा, रिकाम्या वेळेचं सोनं करा. पोलिसाने रिकाम्या वेळेचं साधं पितळ केलं तरी तो शिस्तभंग होता.

मे महिन्यात एका डाळमिलवाल्याच्या मुलाचं लग्न निघालं. त्या घरातला एक मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून मलाही पत्रिका होती. गोरज मुहूर्त, त्यामुळे वरात भर उन्हातच निघाली. बँडवाल्यांच्या अंगात लाल मखमली कोट, छातीवर जरीचे गोंडे, डोक्यावर तुऱ्याची टोपी. खांद्यावर पितळी चांदण्या तर इतक्या, की तेवढ्या देशातल्या एकाही सेनापतीच्या खांद्यावर मावल्या नसत्या. त्या चांदण्यांखाली घामाने निथळत आमचे हवालदारभाऊ वाजवत होते आणि वरासमोर तरणी पोरं नाचत होती.

एवढ्यात मिलवाल्याचीच गाडी येऊन मांडवापाशी थांबली आणि तीतून हवालदारभाऊंचे साहेब उतरले. साहेब साध्या कपड्यांत होते, राखाडी सफारीत. त्यांचं लक्ष हार घेऊन धावत येणाऱ्या यजमानांकडे होतं. बँडकडे कुणी पाहत नसतं, बँड फक्त ऐकायचा असतो. हवालदारभाऊंनी मान वळवून वाजवत राहिलं असतं तर काहीच झालं नसतं.

पण अठरा वर्षांची सवय. क्लॅरिनेट डाव्या हातात गेलं, टाचा जुळल्या, आणि तुऱ्याच्या टोपीला उजवा हात लावून त्यांनी असा कडक सॅल्यूट ठोकला की गाणं मधेच तुटलं. ढोलवाला दोन ठोके पुढे जाऊन थांबला. नाचणारी पोरं थांबली. चांदण्यांनी लगडलेला एक सेनापती भर रस्त्यात एका सफारी सूटला सलाम करतो आहे, हे पाहून आधी एक जण हसला, मग सगळी वरात हसली. साहेबांचा हातही सवयीने कपाळापर्यंत गेला होता. तो त्यांनी केसांवरून फिरवून खाली घेतला. लोक आणखी हसले. त्या क्षणी हवालदारभाऊंचं भवितव्य ठरलं, असं मला वाटतं. वाजवणं एक वेळ माफ झालं असतं.

दोन दिवसांत मेमो आला. शासकीय सेवेत असताना खासगी व्यवसाय करून खात्याची प्रतिमा मलिन केली. निलंबित का करू नये, याचा खुलासा द्यावा. निलंबन म्हणजे लायनीतली खोलीही आज ना उद्या जाणार, आणि मुली शाळा सोडून गावी. त्यांच्या घरच्या वहिनींनी त्याच दिवशी भांडी पोत्यात भरायला घेतली. संध्याकाळी हवालदारभाऊ कागद घेऊन माझ्याकडे आले. खुलासा तुम्हीच लिहा, म्हणाले.

मी लिहिला, आणि मन लावून लिहिला. साहेबांच्या बंगल्यावर त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं, ते सगळ्या लायनीला माहीत होतं. एक शिपाई कुत्रं फिरवी. एक जण परसात मेथी आणि वांगी लावी. चोर पकडायचे म्हणून भरती झालेला एक धिप्पाड गडी भर दुपारी गच्चीवर काठी घेऊन बसे, बाईसाहेबांच्या कुरडयांना कावळ्यांनी चोच लावू नये म्हणून. माळी, आचारी, धोबी या सगळ्या नोकऱ्या पोलीस करत होते आणि त्यांना मेमो नव्हता, कारण त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळत नव्हते. मोबदला घेऊन केलं तर गुन्हा, फुकट केलं तर ड्यूटी. हा नियम नेमक्या कुठल्या कलमात बसतो, असं मी शेवटी नम्रपणे विचारलं होतं.

हवालदारभाऊंनी सगळं दोनदा वाचलं. मग कागद माझ्यासमोर सरकवला.

"सर, तुमन्हं लिखेल बठ्ठं खरं शे," ते म्हणाले. "म्हणीसनच खोडी टाका."

खोडल्यावर उरली ती एक ओळ: चूक झाली, माफी असावी. तीही त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली, माझ्या भाषेचा वास येऊ नये म्हणून.

साहेबांनी त्यांना बंगल्यावर बोलावलं. निलंबनाची तयारी करून गेलेला माणूस अर्ध्या तासात हसत परत आला. साहेबांनी रागावणं थोडक्यात आटोपून विचारलं होतं, की पाठवणीचं गाणं वाजवता येतं का. त्यांच्या मुलीचं लग्न धुळ्याला ठरलं होतं.

पुढच्या महिन्यात पोलीस बँड सरकारी गाडीत बसून धुळ्याला गेला. कागदोपत्री तो बंदोबस्त होता. कुणाविरुद्ध, हे लिहिलेलं नव्हतं. हवालदारभाऊंनी तीच सिनेमातली गाणी वाजवली, या वेळी खात्याच्या गणवेशात, आणि खात्याच्या प्रतिमेला काहीही झालं नाही. मेमो फाईलमध्येच निजला.

परत आल्यावर ते बुंदीच्या लाडवांचा पुडा घेऊन माझ्याकडे आले. मागे वहिनी होत्या. साहेब देवमाणूस शे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. माझं डोकं फिरलं होतं; मी म्हटलं, देवमाणूस असते तर मेमो निघालाच नसता. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत ते पुडा सोडू लागले.

वहिनींनी मात्र ऐकलं होतं.

"साहेबनी पोर सासरे गई, चांगलं झायं," त्या म्हणाल्या. "आपल्या तीन पोरी शेत. त्यास्ना लगनमा साहेब वाजाडाले येई का?"

हवालदारभाऊंनी हातातला लाडू खाली ठेवला, खरोखरच विचार केला, आणि तोपर्यंत साहेबांची बदली झालेली असेल असं सांगितलं.