दुसरं बोलावणं

आमच्या लेकीच्या सासरचं घर आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पहिल्यांदा तिथे जायला आम्हाला तासाच्या वर लागला. (रस्ता चुकलो नाही. पाऊसही नव्हता.)

ह्याचं मूळ जानेफळात, माझ्या सासरच्या गावात आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे गेलो, तेव्हा शेजाऱ्यांच्या नातवाचं जावळ होतं. आवतन अकराचं. जर्मनीत अर्धं आयुष्य काढलेली मी बाई, अकरा म्हणजे अकराला नवी साडी नेसून मांडवात हजर! मांडवात म्हणजे काय, मांडव बांधणं चालू होतं तिथे. आचारी चुलीत लाकडं सारत होता, घरमालकीण अजून न्हायची होती. ती मला पाहून दचकली आणि आलेलं माणूस रिकामं कशाला बसवा म्हणून तिने माझ्यापुढे वांग्यांची पाटी न् विळी सरकवली. अडीच वाजता सासरे, नवरा आणि सगळं घर ऐटीत पंगतीला आलं, तेव्हा मी घामाघूम होऊन वांगी चिरत होते.

"जर्मनीत जेवाले भेटत नसन का वं हिले?" बायका खुसखुसल्या.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरी आल्यावर बोलले.

"सूनबाई, नुसतं आवतन आलं म्हनून उठून जाऊ नाही. पानं मांडली का घरचा मानूस बोलवाले येते. त्याले म्हनावं, 'हो, येतोच', अन् बसून राहावं. दुसऱ्यांदा आला का मंग उठावं. पहिल्या हाकेले उठते थो उपाशी!"

मी कानाला खडा लावला.

नंतर आम्ही जर्मनीला परतलो ते मामाजींना सोबत घेऊनच. कारण आमच्या लेकीने, ऋचाने, जाहीर केलं होतं, "आबा हो म्हणाले तरच मी लुकासशी लग्न करीन." आबांची, म्हणजे मामाजींची, ती जीव की प्राण, म्हणून आबा म्हातारपणी पासपोर्ट काढून मुलगा पाहायला निघाले. ते एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाहीत.

लुकासच्या आईने, हेल्गाने, आम्हाला रविवारी तीन वाजता कॉफी आणि केकला बोलावलं. ऋचा मदतीला आधीच गेली. तीन वाजत आले तसा प्रमोद, माझा नवरा, बूट घालून दारात उभा राहिला. मामाजी धोतर-टोपी घालून सोफ्यावर मांडी ठोकून बसलेले.

"बाबा, चला."

"कोन आलं बोलवाले?"

"इथं कोणी येत नसतं, बाबा. तीन म्हणजे तीन."

"सोयऱ्याच्या घरी बिनबोलावन्याचं? अरे, पोरगी द्याची हाय का टाकून द्याची हाय?"

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. मामाजी, हा मुलूख वेगळा आहे, एवढंच मी म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती वांगी उभी राहिली ना!

"मामाजींचं बरोबर आहे," मी म्हणाले. नवरा बुटांसकट खाली बसला.

थोड्या वेळाने ऋचाचा फोन आला. "आई! कुठे आहात? हेल्गा सारखी घड्याळाकडे बघतेय!"

आता खरं सांगावं, तर पोरगी तिथेच भोकाड पसरणार. मी चटकन म्हणाले, "अगं, आबांना जरा बरं वाटत नाहीये. लुकासला न्यायला पाठव, त्याच्या आधाराने येतील." बोलावणंही येईल आणि मानही राहील. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं!

लुकास धावतच आला. धापा टाकत मामाजींपुढे वाकला. "आबा, चला." (ऋचाने शिकवलेले नेमके हेच दोन शब्द त्याला येत होते.) मामाजी खूश झाले. त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "हो बावा, येतोच. तू हो पुढं." आणि बसून राहिले!

"काय म्हणाले?" लुकासने मला जर्मनमध्ये विचारलं.

"तू पुढे हो म्हणाले."

"त्यांना उठता येत नाही का?"

"इतक्यात नाही," मी म्हणाले. (ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.)

पोराचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे होता त्याहून पांढरा, आणि तो आला तसा पळत सुटला.

"पोरगा गुनाचा हाय," मामाजी म्हणाले. "आता दुसरं बोलावनं येईन."

आलं! दार उघडलं तर समोर लुकासचे वडील युर्गन, बाजूला लुकास आणि दोघांच्या मधे तळघरातून काढून आणलेली चाकांची खुर्ची. युर्गनच्या आईची होती, आजारी माणसाला बसवून ढकलत नेतात ती. वर लोकरीची शाल!

मी डोळे मिटले. रोज पहाटे टेकडी चढून येणारा माणूस आता ह्या खुर्चीला लाथ घालणार आणि लेकीचं लग्न त्याच लाथेने जाणार. पण मामाजींच्या डोळ्यांत पाणी!

"व्याही सोता आला? अन् गाडी घेऊन? आपल्या इकडं जावयाले बी असं नेत नाहीत!"

ते रुबाबात बसले आणि त्यांनी टोपी सारखी केली. युर्गनने हळुवारपणे त्यांच्या गुडघ्यांवर शाल पांघरली.

"शाल बी!" मामाजी मला म्हणाले.

वरात निघाली. युर्गन खुर्ची ढकलतायत, लुकासने मामाजींचा हात धरलाय आणि मामाजी दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना हात जोडून रामराम घालतायत. खिडकीतल्या म्हाताऱ्या हळहळत होत्या. मी मागून मान खाली घालून चालले. लोकांना ते दुःख वाटलं.

"सूनबाई," मामाजी मागे वळून म्हणाले, "माहा होकार हाय. अशी मानसं शोधून भेटत नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. जेमतेम हेल्गाच्या दारापर्यंत तिथे राहिला.

टेबलावर चेरीचा हा एवढा केक. सगळ्यांना मोठाले तुकडे वाढले. मामाजींपुढे मात्र हेल्गाने काय ठेवावं? बडीशेपेचा कोमट काढा आणि दोन कोरडे टोस्ट! आजाऱ्याचं पथ्य. वर बिचारीने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मामाजींनी टोस्टकडे पाहिलं. मग माझ्या बशीकडे पाहिलं.

"सोयऱ्याले वाळला टोस? सूनबाई, मी मघा बोललो थे वापस घेतो."

"आई, काय झालं आबांना?" ऋचा रडवेली झाली. तेवढ्यात मामाजी ताडकन उठले, शाल फेकली, टेबलाला वळसा घालून गेले, सुरी घेतली आणि वीतभर केक कापून उभ्याउभ्याच खाल्ला. हेल्गा किंचाळली. लुकासने ऋचाला मिठी मारली. युर्गन खाली वाकून खुर्ची तपासू लागले.

मग मात्र मी सगळं सांगितलं. वांग्यांपासून. आधी जर्मनमध्ये, मग मराठीत, दोन्हींकडून शरमून.

"मी आजारी? असं हे बोलली?" मामाजी तोंडातला घास गिळून म्हणाले. "मंग या मानसायचा काय दोष? होकार हाय थो हायच!"

ऋचा हसत रडायला लागली. पण हेल्गाच्या कपाळावरची आठी जाईना. ती मला शांतपणे म्हणाली, "माणूस धडधाकट असताना तो आजारी आहे असं कोणी कसं सांगतं?" अशा घरात मुलगा द्यावा की नाही, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. आमच्या बाजूने मामला मिटला, तर तिकडून मोडायची वेळ!

"काय म्हनते थे बाई?" मामाजींनी विचारलं.

"मी असं का केलं, विचारतायत."

मामाजींनी मिशीवरचं क्रीम पुसलं. "सांग तिले, आमच्या सूनबाईच्या डोक्यात पहिल्यापासून थोडा फरक हाय. पन पोरगी तिच्यावर गेली नाही. काही भेव नाही म्हना, करा लगन!"

प्रमोद तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. ऋचाला हसू आवरेना. शेवटी लेकीचं लग्न मोडू नये म्हणून ते वाक्य मीच, शुद्ध जर्मनमध्ये, एकही शब्द न गाळता हेल्गाला सांगितलं.

तिला लगेच पटलं.